बडनेऱ्यात ठेवलेला दाखला

समजा, तुम्हाला अमरावतीहून कोलंबोला जायचं आहे. आगगाडीने. मध्ये दोन तासांचा समुद्र आहे, तो आगबोटीने ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा आगगाडी. तुमचा पगार महिना बत्तीस रुपये. पूर्वेला तुम्ही नागपूरपर्यंत गेला आहात, पश्चिमेला अकोल्यापर्यंत. सिलोनला जाऊन आलेलं तुमच्या ओळखीत कुणी नाही. मराठी तुमची, हिंदी समजते, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता येतात. आणि पोचायचं आहे ते एका ठरावीक दिवसाच्या आत. फक्त तो दिवस कोणता हे कुणालाच ठाऊक नाही, कारण तो ठरवणारा अजून जन्मलेला नाही. आता कागद घ्या आणि मांडा. सुरुवात कुठून कराल?

गोदावरीबाई राजूरकरांनी शेवटापासून केली.

या बाई अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवतात. मुलगी विमल चार वर्षांची असताना नवरा गेला. त्यानंतर नागपूरला दोन वर्षं शिवणाचा वर्ग, मग ही नोकरी, आणि बुधवाऱ्यात दोन खोल्या. मी त्यांच्या वरच्या माडीवर भाड्याने राहतो. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर असल्यामुळे अंदाजपत्रकं करणं हे माझं रोजचं काम. पण त्यांनी पस्तीस सालच्या जानेवारीत केलेलं अंदाजपत्रक मी तीन वर्षांनी पाहिलं, तेव्हा आमच्या खात्यातल्या कित्येकांना ते दाखवावं असं वाटलं. पुढची हकीकत त्यांच्या तोंडून ऐकलेली आहे, थोडी त्यांच्या मैत्रिणीच्या, खुर्शीदबींच्या.

विमलचे यजमान उद्धवराव एका विमा कंपनीच्या कोलंबोच्या कचेरीत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणून दिवाळीनंतर विमलला अमरावतीला आणायचं ठरलं होतं. पण आदल्या वर्षी तिचं एक मूल पाचव्या महिन्यात गेलं होतं, आणि या खेपेला तिथल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की गाडीचे चार दिवस हिला सोसणार नाहीत. विमलने लिहिलं, "आई, मला तर येऊ देत नाहीत. तूच ये. मला इथे फार भीती वाटते." उद्धवरावांनी त्याच पत्राखाली डॉक्टरने सांगितलेली तारीख लिहिली होती: पंचवीस जानेवारी, दोन-चार दिवस इकडे किंवा तिकडे.

शेवटचं टोक असं ठरलं. मागचं टोक शाळेने ठरवलं. पंधरा तारखेला इन्स्पेक्टरीणबाईंची तपासणी होती आणि तोवर रजा मिळणार नव्हती. सोळा तारीख बांधाबांधीला. सतराला, गुरुवारी, निघायचं.

मधलं सगळं त्यांनी कापडाच्या बेतणीसाठी वापरतात त्या तपकिरी कागदावर आखलं. बडनेऱ्याच्या स्टेशनातून जुनं वेळापत्रक मिळालं होतं. गुरुवारी दुपारी चारला बडनेरा. संध्याकाळी वर्धा, तिथे गाडी बदलायची. शनिवारी सकाळी मद्रास. तिथे एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर घोडागाडीने जायचं. संध्याकाळी धनुष्कोडीची गाडी, रविवारी दुपारी आगबोट, सोमवारी सकाळी कोलंबो. शिवणात दोन तुकडे जोडताना कडेला थोडं जास्त कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. बाईंनी प्रत्येक गाडीबदलाला तशी वेळेची माया सोडली होती. वर्ध्याला दोन तास, मद्रासला नऊ. आणि शेवटी चार दिवस: एकवीस ते पंचवीस.

खर्चाचंही तसंच. मद्रासपर्यंत तिसरा वर्ग, अकरा रुपये चार आणे. पुढे मात्र दुसरा वर्ग, चौतीस रुपये. याचं कारण उद्धवरावांनी कळवलं होतं. समुद्राच्या अलीकडे मंडपमला एक छावणी आहे, तिथे तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना रोगराई पसरू नये म्हणून पाच-सहा दिवस ठेवून घेतात. दुसऱ्या वर्गाचं तिकीट आणि देवी काढल्याचा, प्रकृती चांगली असल्याचा डॉक्टरी दाखला असेल तर सोडतात. चौतीस रुपये म्हणजे बाईंच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त. पण छावणीचे सहा दिवस कागदावर कुठेही बसत नव्हते. पोस्टातले सत्तर रुपये काढले, लग्नसराईच्या पस्तीस चोळ्या घेऊन दोन महिने मशीन चालवलं, आणि जाण्यायेण्याचा मेळ बसवला.

सामानात बाळंतशोप, डिंक, खारका, अळीव, बाळाची अंगडी-टोपडी हे आलंच. त्याखेरीज दहा शेर तांदूळ, तीन शेर तूरडाळ आणि गूळ, तूप, मीठ, मिरची.

हे पाहून खुर्शीदबींना हसू आवरेना. खुर्शीदबी बडनेऱ्याच्या. नवरा उस्मान रेल्वेत फिटर. त्या कशिदा काढत आणि बाई त्यांना शाळेमार्फत कामं मिळवून देत. बारा वर्षांची ओळख.

"बाई, तुमी लेकीच्या बाळंतपणाले चालल्या का कोलंबोत दुकान टाकाले?"

"नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्न खायचं नसतं आमच्यात. चार दिवस आधी पोचणार मी. ते चार दिवस काय खाऊ?"

"चार दिवसाले दहा शेर तांदूळ?"

"आणि पंचवीसची तीस झाली तर? पाच तारीख झाली तर?"

खुर्शीदबींनी पोतडी हाताने उचलून पाहिली. "मंग लेकरू व्हाचं त्या दिवशी होईन, तुमची कंबर आधी जाईन."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पोतडीतले दोन शेर तांदूळ काढले, बाजूला ठेवले, थोड्या वेळाने परत घातले.

संक्रांतीला अकोल्याहून त्यांचे धाकटे दीर मोरोपंत आले. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, त्यांची भिक्षुकी चाले. तिळगूळ तोंडात असतानाच त्यांनी तपकिरी कागद पाहिला आणि त्यांचं चावणं थांबलं.

"वहिनी, गुरुवारी दक्षिणेला?"

"मग?"

"गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. प्रवासाला दोष लागतो. बुधवारी निघा."

"रजाच गुरुवारपासून आहे. बुधवारी दुपारपर्यंत शाळेत तपासणीचे कागद द्यायचेत."

"तर शुक्रवारी."

"शुक्रवारी निघाले तर मंगळवारी पोचेन. एक दिवस जातो, भावजी. माझ्याकडे चारच आहेत."

एरवी बाई दिवस-वार फारसे पाहणाऱ्या नव्हत्या. ग्रहणात मशीन चालवलं म्हणून वाड्यातल्या बायका त्यांना नावं ठेवत. पण मोरोपंतांनी "दोष" हा शब्द उच्चारला आणि त्यांना गेल्या वर्षीचं ते पाचव्या महिन्यातलं आठवलं. आपल्यासाठी त्यांनी काहीही चालवून घेतलं असतं. विमलसाठी त्यांना एक टाकाही सैल नको होता.

मोरोपंतांनी मार्ग काढला. प्रस्थान ठेवायचं. निघण्याचा दिवस वाईट असेल तर आदल्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरलं जातं. मग दुसऱ्या दिवशी निघताना ती वाटेत उचलून न्यायची. नियम एवढाच की एकदा ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणायचं नाही.

"अमरावतीच्या दक्षिणेला बडनेरा," मोरोपंत म्हणाले. "तिथे आपलं कोण आहे?"

"खुर्शीदबी."

मोरोपंतांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "प्रस्थानाला दिशा लागते. बाकीचं मी पाहिलं नाही."

"त्यात ठेवायचं काय?"

"कपडा, हळकुंड, सुपारी, मूठभर तांदूळ. आणि जिच्यावाचून प्रवास व्हायचा नाही अशी एखादी वस्तू."

बुधवारी सकाळी बाईंनी गाठोडं बांधलं. जिच्यावाचून प्रवास व्हायचा नाही, ती वस्तू कोणती? तिकीट अजून काढलेलं नव्हतं. पैसे कुणी असे ठेवत नाही. त्यांनी डॉक्टरी दाखला घेतला, पाकिटात घातला आणि नव्या खणात गुंडाळला. त्यात त्यांना हुशारीही वाटली. घरात पसारा एवढा होता की हा कागद हरवेल या धास्तीने त्या दोन रात्री झोपल्या नव्हत्या. आता तो एका जागी पक्का राहील.

दीर-भावजय सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला गेले. खुर्शीदबींनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाटात कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवलं. मोरोपंतांनी ते पाहिलं आणि हे परत घरी आणायचं नाही, एवढं पुन्हा बजावलं. तिथूनच ते अकोल्याच्या गाडीत बसले. बाई अमरावतीला परतल्या, शाळेत कागद दिले, आणि दोनला घरी आल्या तर उंबऱ्यात पत्र पडलेलं.

उद्धवरावांचं होतं. बाकी सगळं ठीक. फक्त शेवटी लिहिलं होतं: "दाखल्यावर सिव्हिल सर्जनची सही आणि शिक्का लागतो असं आता कळलं. आमच्या कचेरीतल्या एकाच्या सासऱ्यांकडे म्युनिसिपालिटीच्या डॉक्टरचा दाखला होता, तो चालला नाही. सहा दिवस छावणीत राहिले. आपण सही घेतली असेलच."

बाईंच्या दाखल्यावर म्युनिसिपालिटीच्या डॉक्टरची सही होती, आणि देवी काढल्याची नोंद त्याच कागदावर असल्यामुळे सिव्हिल सर्जनपुढे तोच ठेवायला हवा होता.

आता गणित सोपं होतं, आणि कुणीही सांगितलं असतं. बडनेरा सहा मैल. संध्याकाळच्या गाडीने जायचं, दाखला आणायचा, गुरुवारी सकाळी सरकारी दवाखान्यात सही घ्यायची, चारची गाडी पकडायची. बाईंनी ते गणित पाच मिनिटांत मांडलं. चपलाही घातल्या. आणि दारात थांबल्या.

दाखला आणायचा म्हणजे प्रस्थान परत आणायचं.

त्यांनी चपला काढल्या. पुन्हा घातल्या. तारघरात जाऊन मोरोपंतांना बारा आण्यांची तार केली: प्रस्थानातला कागद सहीसाठी परत आणावा लागतो, आणू का, ताबडतोब कळवा. अकोला काही लांब नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर येईल.

संध्याकाळ झाली. तारवाला आला नाही. बाई मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी सायकलची घंटा वाजली की दारात जायची. दूधवाला, वर्तमानपत्रवाला, कोण कोण. सगळे मला विचारायला लागले, बाई, कुणाची वाट पाहून राहिल्या?"

गुरुवारी सकाळी त्यांनी दुसरी तार केली. मोरोपंत अकोल्यात नव्हतेच. स्टेशनवर उतरून ते तसेच मोटारीने पातूरला एका घरच्या शांतीसाठी गेले होते, हे बाईंना कसं कळणार? दहा वाजले. अकरा वाजले. सिव्हिल सर्जन दुपारी एकपर्यंत बसतात हे शेजारच्या वकिलांनी सांगितलं. बाई बांधलेल्या वळकटीवर बसून राहिल्या. कागद आणला तर विमलच्या वाटेत आपणच काही आडवं घातलं असं होईल. नाही आणला तर सहा दिवस छावणी. दोन्ही बाजूंनी विमलच होती, म्हणून त्यांना एकीकडेही पाऊल टाकता येईना.

तिकडे बडनेऱ्यात खुर्शीदबी बारा वाजल्यापासून वाट पाहत होत्या. बाई बाराला येऊन गाठोडं उचलणार, दोन घटका बसणार आणि चारला गाडीत बसणार असं ठरलेलं. एक वाजला, दोन वाजले. खुर्शीदबींनी उस्मानला सांगितलं, "कायतरी झालं," बुरखा घातला, गाठोडं काखेत मारलं आणि अमरावतीच्या गाडीत बसल्या.

तीनच्या सुमाराला त्या बुधवाऱ्यात पोचल्या आणि रस्त्यावरूनच ओरडल्या, "बाई! गाडी जाऊन राहिली ना!"

बाई बाहेर आल्या आणि त्यांच्या काखेतलं गाठोडं पाहून पायरीवरच बसल्या. "अगं, ते का आणलंस? ते परत आणायचं नसतं!"

"तुमच्या घरात कुठं आणलं? मी सडकेवर हाय." खुर्शीदबी खरोखरच पायरीच्या दोन हात अलीकडे उभ्या होत्या. "तुमच्या दिरानं सांगतलं तवा मी आयकत होती. घरी आणाचं नाही म्हणे. नाही आणलं. पण तुमी काहून बसल्या अशा? कोणी गेलं का?"

बाईंनी पत्राचं सांगितलं.

"एवढंच? मंग काल काहून नाही आल्या?"

"भावजींच्या तारेची वाट पाहत होते."

"दिरानं नाही म्हटलं असतं तर?"

बाई पत्राची घडी घालू लागल्या.

"अन् हो म्हटलं असतं तरी तुमाले भेव वाटलंच असतं," खुर्शीदबी म्हणाल्या. "उठा. हे गाठोडं माह्या हातात राहीन. दवाखान्यात मी आणतो, सही झाली का मीच बडनेऱ्याले नेतो. तुमी याले हातबी लावू नका. चाला."

दोघी टांग्याने दवाखान्यात गेल्या. वकील म्हणाले होते तसे सिव्हिल सर्जन एकलाच निघून गेले होते. शुक्रवारी सकाळी आठला बसतील, कारकून म्हणाला. चारच्या गाडीची वेळ टांग्यातच टळली.

त्या रात्री खुर्शीदबी शेजारच्या मोहल्ल्यात मावशीकडे राहिल्या, गाठोड्यासकट. शुक्रवारी नऊ वाजता सही झाली, शिक्का बसला. सर्जनसाहेबांनी बुरख्यातल्या बाईच्या हातातला कागद आणि त्यावरचं गोदावरीबाईंचं नाव पाहून भुवया उंचावल्या. खुर्शीदबी म्हणाल्या, "साब, नाव ह्यांचं हाय, कागद माह्यापाशी ठेवला हाय," आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. खुर्शीदबींनीच दाखला बडनेऱ्यापर्यंत नेला. गाडीच्या खिडकीतून गाठोडं आत देताना त्या म्हणाल्या, "आता माह्यं काम झालं. आता उघडा, नाहीतर डोक्यावर ठेवा."

मोरोपंतांची तार बाई वर्ध्याला निघाल्यावर घरी आली. वाड्यातल्या एकीने ती कोलंबोला पाठवून दिली. तीत लिहिलं होतं: कागद आणण्यास हरकत नाही, प्रस्थान कपड्याचं, कागदाचं नाही.

प्रवासाचं बाई फारसं सांगत नाहीत. मद्रासच्या घोडागाडीवाल्याने बारा आण्यांच्या जागी दीड रुपया मागितला, तो त्यांनी घासाघीस न करता दिला. तमिळ गावांची नावं त्या मोजत होत्या, नावं म्हणून नव्हे, किती राहिली म्हणून. धनुष्कोडीला दोन्ही बाजूंना पाणी पाहून त्यांना वाटलं, आता गाडीच बुडणार. बोटीवर चढण्याआधी तपासणीच्या डॉक्टरने दाखला हातात घेतला, सहीवर बोट ठेवलं, मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळला. त्या एका बोटासाठी सगळं झालं होतं. आगबोटीवर त्या उभ्याच राहिल्या. बसलं तर बोट हळू चालेल असं त्यांना वाटत होतं, असं त्या स्वतःच सांगतात आणि स्वतःवर चिडतात.

मंगळवारी सकाळी कोलंबोच्या फलाटावर उद्धवराव उभे होते. दाढी वाढलेली, डोळे लाल. बाईंचे पाय डब्याच्या पायरीवरच थांबले.

"मुलगा झाला," उद्धवराव म्हणाले. "काल संध्याकाळी साडेसहाला. दोघंही सुखरूप आहेत. तारखेच्या चार दिवस आधी. कुणालाच कल्पना नव्हती."

बाईंनी आधी देवाला हात जोडले. मग हमालाला पैसे दिले. मग मनात वार मोजले. सोमवार. गुरुवारी निघाल्या असत्या तर सोमवारी सकाळी इथेच, याच फलाटावर.

दवाखान्यात विमल पांढऱ्या चादरीत पडली होती, ओठ फुटलेले. आईला पाहून ती हसली, म्हणाली, "आलीस? बघ, कसा आहे." बाईंनी नातवाला घेतलं. बाळाच्या डोक्यावर जावळ दाट होतं आणि कानामागे एक लहान जखम, डॉक्टरच्या चिमट्याची. कळा पहाटेपासून सुरू झाल्या होत्या, उद्धवरावांनी सांगितलं. दुपारी डॉक्टरही घाबरला होता. आत कुणाला जाऊ देत नव्हते. त्यांनाही नाही. आत फक्त दोन नर्सा होत्या, एक सिंहली आणि एक तमिळ.

बाई महिनाभर राहिल्या. शेक दिला, मालिश केलं, लाडू केले, आणि आता नातू झाला म्हणून लेकीच्या घरी जेवल्याही. त्या महिन्यात त्यांनी विमलला तीनदा एकच प्रश्न विचारला. पहिल्यांदा ती म्हणाली, "आठवत नाही गं." दुसऱ्यांदा तिने बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "झालं ना आता? तू आलीस ना?" आणि आईच्या पदराला हात पुसले.

मुलगा आता तीन वर्षांचा आहे. विमलची पत्रं येतात: तो काय बोलतो, काय खातो, उद्धवरावांची बढती. बाई उत्तर लिहितात. वरच्या माडीवरून खाली येताना मी कधीकधी त्यांना पोस्टकार्डावर वाकलेलं पाहतो. सगळी खुशाली लिहून झाली की तळाशी दोन बोटं जागा उरते, आणि तिथे त्या दर वेळी तेच लिहितात. विमल बाकी सगळ्याचं उत्तर देते, एवढ्याचं देत नाही.

गेल्या आठवड्यातल्या कार्डावरही तेच होतं: "त्या सोमवारी, दुपारपासून संध्याकाळपर्यंत, आत कुणी आपलं माणूस नसताना, तू कुणाला हाक मारत होतीस?"